मडक्यातली पिलं

नत्थुजी भोई दर साली कलकत्त्याहून मडक्यांत रोहूची पिलं आणायचा. पाणी थांबलं की पिलं मरत, म्हणून रेल्वेत दोन दिवस तो न झोपता हातानं मडक्यांतलं पाणी हलवत राहायचा. रोहू तळ्यात अंडी घालत नाही, त्यामुळे भातकुलीच्या माझ्या ठेक्याच्या तळ्याचं त्याच्यावाचून चालत नसे.

त्या साली मी गुपचूप परदेशी मासा सोडला. तो तळ्यातच अंडी घालतो, पिलं विकत घ्यावी लागत नाहीत. नत्थुजीला हे कळवायची मला हिंमत झाली नाही. तो नेहमीसारखा चार मडकी बंडीत घालून दारात आला.

"यंदा तळ्याचा ठेका घेतलाच नाही, नत्थुभाऊ," मी म्हणालो.

"खोटं कायले बोलता, खुशालराव? तुमचा नवा मासा मले बडनेऱ्याच्या टेसनावरच समजला."

"मंग इथवर आणलं काहून?"

"टेसनावर ओतून देऊ काय? जीव हायेत ते. सोडा तुमच्या तळ्यात. पैसे नोका देऊ."

मी मान खाली घातली. बोलता बोलताही त्याचा हात मडक्यातलं पाणी हलवतच होता.