चेंडू नसलेली हॉकी

डोळ्याची आन, लेकराची आन, यातला शबुद न् शबुद खरा हाय. खोटं निघालं तर माझी जीभ झडू द्या. शहागंजात जाऊन कोणालाबी विचारा.

भर दुपार. मोहियोद्दीनचाचा आपल्या गाद्यांच्या दुकानात टाके घालत बसले व्हते, मोबाईलकडं पाठ करून. मोबाईल सगीराचाचीनं कापसाच्या ढिगाला टेकवून ठेवला व्हता. त्यात त्यांची नात वहिदा परदेशात बर्फावर हॉकी खेळायली व्हती. इंडियाकडून.

शेजारचा दोरीवाला पुंजाराम आपलं दुकान उघडं टाकून बघायला आला.

"चाचा, नात देशाकडून खेळायली अन् तुम्ही पाठ करून बसलात व्हय?"

"बॉल कां है उसमें?" चाचांनी दातानं दोरा तोडला. "बिस्किटाएवढी चकती नुस्ती सरकवायची. आम्ही छावणीच्या मैदानात अनवाणी खेळलो, गुडघे फोडून घेतले. ती हॉकी. हे घसरणं हाय, घसरणं."

"देश किती आलेत?"

"सहा," चाची म्हणली.

"सहाच?" पुंजारामला हसू आलं. "आमच्या गंगापूरला कबड्डीला यापेक्षा जास्त गावं येत्यात की."

"ऐक! मी काय वेगळं सांगायलो?" चाचा म्हणले. पण त्यांचा हात कुडत्याच्या खिशात गेला अन् तिथंच राह्यला.

"खिशात काय हाय ते सांगू का याला?" चाची म्हणली.

"चूप बैठ."

"इमामजामीन हाय, पुंजाराम. हिरवं कापड, आत रुपाया. सफरीला निघणाऱ्याच्या दंडावर घरच्या मोठ्यानं बांधायचं, म्हंजी माणूस सुखरूप पोचतं. पोरगी दंड पुढं करून दारात उभी राह्यली, अन् हे म्हणले, खेळायलाच चाललीस, लढाईला नाय. गेली लेकरू रिकाम्या दंडानं. तवापासून खिशात घेऊन हिंडायलेत."

चाचांचा टाका चुकला. उसवला. परत घातला, परत चुकला.

तेवढ्यात पुंजाराम वरडला, "गोल! चाचा, वहिदानं गोल मारला!"

चाचांची सुई थांबली. मान मात्र वळली नाय.

अन् मंग चाचीच्या तोंडून "या अल्ला" निघालं. समोरच्या एका धिप्पाड पोरीनं वहिदाला कडेच्या फळीवर असं आदळलं, की आवाज दुकानात घुमला. वहिदा बर्फावर आडवी पडली. हालंना.

तवा चाचा वळले. उठायचं सुचलंच नाय, कापसातून रांगत मोबाईलपाशी आले.

"उठ," म्हणले. "उठ गे बच्ची. उठ."

कोणीतरी वहिदाला हात दिला. ती उठली, अन् वाकत वाकत बाकाकडं निघाली.

चाचांनी खिशातून कापड काढलं, मोबाईलभोवती गुंडाळलं अन् करकचून गाठ मारली. वर अजून एक मारली.

"अवो चाचा, अर्धं मैदान झाकलं की!"

"झाकू दे."

"मॅच कशी दिसंल?"

"बच्ची सफर में है. घरी येईपर्यंत कोणी हात लावायचा नाय."

मॅच संपल्यावर थोड्या येळानं वहिदाचा व्हिडिओवाला फोन आला. चाचीच्या आधी चाचांनीच उचलला.

"दादाजान? तुम्ही दिसंनात मला. इकडं नुस्तं हिरवं हिरवं दिसायलंय."

चाचांनी गाठीवर हात ठेवला, सोडली नाय. मंग तिकडं तिला उमजलं, ते हिरवं काय हाय. लई येळ दोघं तसेच बसले, फोन चालू ठेवून. कोण जिंकलं ते चाचांनी विचारलंसुदिक नाय.

आता एवढं एक सांगून टाकते. तो गोल माझ्या पदरचा. वहिदानं गोल-बिल काय मारला नाय, नऊ गोलांनी हरल्या पोरी. पण इतक्या लांबून लेकरू गोष्टीत परत आणायचं, तर रिकाम्या हातानं कसं आणू?