जाहिदचा रंगीत गेम

"अंजुम, तुह्या सेलवाल्या गेमले आता कोनी इचारनार नाई," मार्कंड्याच्या जत्रेत दुकान मांडताना जाहिद बायकोला म्हणाला. त्याने यंदा रंगीत स्क्रीनचे, चार्जिंगवाले हातातले गेम आणले होते.

शेवटच्या दिवसापर्यंत त्यातला एकही खपला नाही. गिऱ्हाईक वच्छलाबाईंनी मात्र अंजुमकडून दोन सेलवाले गेम नेले. "पोरं खेळतीन, आन् सेल टॉर्चले बी कामी येतीन."

त्या शेवटच्या दिवशी दुपारी कुरखेड्याचे धनराजभाऊ दुकानापाशी थांबले. "दाखव चालू करून, घेतो." जाहिदने बटण दाबलं. गेमने आधी अपडेट मागितलं, आणि गर्दीत नेटवर्क रांगत होतं.

"दहा मिनिटं थांबा भाऊ." तेवढा वेळ जावा म्हणून दोघं अंजुमचा सेलवाला गेम खेळत बसले.



अपडेट नव्वद टक्क्यांवर असताना रंगीत गेमची चार्जिंग संपली. हे जाहिदला धनराजभाऊ सेलवाला गेम विकत घेऊन गेल्यावर कळलं.