शेवटच्या पानावरचं कोकरू

ग्रंथपाल बाई पुस्तक छातीशी धरूनच घरात शिरल्या. वाचनालयाच्या रद्दीत निघालं होतं. पस्तीस वर्षांपूर्वी घरातली प्रत फाटून गेली तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. पण गाणं अजून तोंडपाठ. बाबा रोज मांडीवर घेऊन, एकेक पान उलटत म्हणायचे.

“बाबा, ओळखलंत का?”

खिडकीशी वाटाणे सोलत बसलेले बाबा ताडकन उठले. “अगं, हे आमच्या छापखान्यातलं! याचे कागद मी कापलेत.”

चार वर्षांच्या लेकीला बाईंनी दोघांच्या मध्ये बसवलं. हिरवं कुरण, निळी मेंढी, टोपीवाला लांडगा. रंग रेषेबाहेर सांडलेले, तरी चित्रं कशी जिवंत! बाई पानांकडे न बघताच म्हणत सुटल्या. शेवटचं पान आलं.

“खेळून खेळून कोकरू झाडाखाली निजलं,
आई आली धावत, दुधानं तोंड भिजलं!”

सवयीनं त्यांची नजर छापील ओळींवर गेली आणि त्या गारच पडल्या.

‘ऐकले ना आईचे, हट्टी कोकरू गेले;
लांडग्याने गाठले, तिथल्या तिथे मेले.’

घाईघाईनं त्यांनी मागची पानं चाळली. एकही ओळ जुळेना.

“बाबा, मला वाईट वाटू नये म्हणून अख्खं गाणं बदललंत तुम्ही?”

“मी कशाला बदलू? आहे तेच म्हणायचो.”

“मग हे वाचा ना. मेलंय ते.”

“कोण मेलं?”

बाबांनी पुस्तक ओढून घेतलं. बोट ओळींकडे गेलंच नाही, चित्रावरून फिरत राहिलं. “मेलं असतं तर पाय ताठ झाले असते. यानं बघ, पोटाशी घेतलेत. झोपलंय गं.”

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. तीस वर्षं छापखान्यात घालवलेला माणूस. रोज सकाळी तासभर वर्तमानपत्र उघडून बसणारा. काही वाचायला दिलं की ‘तूच वाच, माझा चष्मा सापडत नाही’ म्हणणारा. बाबांना वाचता येत नव्हतं, आणि पुस्तकांवर पोट भरणाऱ्या लेकीला त्याचा पत्ताही नव्हता!

आपलं गुपित फुटलं, हे बाबांच्या ध्यानातही आलं नाही. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी पुस्तक बाईंपुढे धरलं.

“नीट वाच गं,” ते म्हणाले. “मेलं नसेल ते.”