जिभेखालची गोळी

मुलांनो, घटकाभर स्वतःला शिवकन्येच्या जागी उभं करा. तुम्ही अकरा वर्षांचे आहात. चकलांब्याच्या चारा छावणीत, वैरण तोलायच्या काट्याजवळ, एक मोठा माणूस जमिनीवर पडला आहे. तुमच्या आजीच्या चिमटीत एक इवलीशी गोळी आहे. भोवतीची साठ माणसं म्हणताहेत, घाला लवकर. आणि तुम्ही आजीचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं आहे.

पडलेला माणूस म्हणजे बबनराव, दूध सोसायटीचे चेअरमन. दुष्काळात गायी आटल्या, दुधाच्या किटल्या पत्र्याखाली पालथ्या पडल्या, तेव्हा त्यांनीच सोसायटीकडून ही छावणी उघडली. शिवकन्येचे आईबाप ऊसतोडीला गेले होते. दोन गायी आणि एक बैल घेऊन ती आजीबरोबर इथंच राहत होती. त्या सकाळी बबनराव वैरण तोलत उभे होते. एकाएकी त्यांनी छाती धरली आणि ते खाली कोसळले.

"सोड माझा हात," आजी, म्हणजे वच्छलाबाई, म्हणाली. "माझ्या छातीत कळ आली की हीच गोळी जिभेखाली ठिवते न्हवं मी?"

"डॉक्टरीणबाईनं काय सांगितलं, आजे?"

छावणीत साखर, काड्यापेटी आणि औषधं सगळ्यांची मिळून असत. मागच्या महिन्यात आजीनं आपल्या गोळ्या अशाच चौघांना वाटल्या होत्या. गेवराईच्या डॉक्टरीणबाई तेव्हा रागावल्या. आजीला वाचता येत नाही, म्हणून त्यांनी शिवकन्येलाच समोर बसवून सांगितलं, "ही गोळी दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. आणि बाप्यामाणसानं ताकदीचं काही घेतलं असेल तर मुळीच नाही. रक्तदाब असा उतरतो, की माणूस परत उठत नाही." शिवकन्येनं ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतलं होतं.

ताकदीचं म्हणजे काय, हे तिला पुरतं कळलं नव्हतं. पण उमापूरच्या बाजारात एक जण गालिचा पसरून पिवळ्या पुड्या विकायचा, ते तिनं पाहिलं होतं. पुडीवर छापलेलं होतं, 'थकलेल्या पुरुषांसाठी. संसारसुख परत मिळवा. शंभर टक्के झाडपाला, अपाय नाही.' पुडी घेताना माणसं आधी इकडंतिकडं बघत आणि मग ती बंडीच्या आतल्या खिशात सरकवत.

ती बबनरावांपाशी गुडघे टेकून बसली. "आबा, ते पिवळ्या पुडीतलं चूर्ण घेतलंय का तुमी?"

मागं कोणीतरी खुदकन हसलं. वैरण तोडणारा मुंजाजी म्हणाला, "काय इचारती ही पोर? चेरमन मरायला लागलाय अन् हिला पुडी सुचती."

"न्हाई," बबनराव कसंबसं म्हणाले. पण ते शिवकन्येकडं बघत नव्हते. ते मुंजाजीकडं बघत होते.

गृहपाठ केला का, असं गुरुजींनी साऱ्या वर्गापुढं विचारलं की मुलं गुरुजींकडं नाही, बाकीच्या वर्गाकडं बघतात, हे शिवकन्येला चांगलं ठाऊक होतं. ती उभी राहिली. "सगळ्यांनी पाठ फिरवा."

"कावून? कशापायी?" मुंजाजी म्हणाला.

"फिरवा म्हन्ते ना."

सगळ्यांत आधी आजी फिरली. मग कुरकुरत बाकीचे फिरले. साठ पाठी झाल्या. शिवकन्या बबनरावांच्या कानाशी वाकली. "आबा, बोलू नका. घेतलं असंल तर डोळे मिटा."

बबनरावांनी डोळे मिटले. पापणीच्या कडेनं पाणी आलं.

तिनं आजीच्या चिमटीतली गोळी काढून आपल्या मुठीत घेतली. "गोळी न्हाई द्यायची. जीप आना."

बबनरावांना जीपमध्ये मागं झोपवलं, ती चालकाशेजारी बसली. गेवराईला पोचताच तिनं डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. मग योग्य ती सुई, योग्य ते औषध सुरू झालं. बबनरावांच्या बंडीत सापडलेली पुडी तपासायला गेली. तिच्यात नुसता झाडपाला नव्हताच, दुकानात डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न मिळणाऱ्या, ताकदीच्याच गोळ्यांची भुकटी मिसळलेली होती. डॉक्टरीणबाई बबनरावांना म्हणाल्या, "त्यावर ती गोळी पडली असती, तर तुम्ही जीपपर्यंतसुद्धा पोचला नसता. थकवा येतो, वय होतं, त्यात लाजायचं काय? त्यावर इलाज असतो. पण पाला असो की गोळी, काय खाल्लं ते डॉक्टरला सांगायचं."

नवव्या दिवशी बबनराव छावणीत परतले. काठीवर भार देत ते वैरणीच्या काट्याजवळ उभे राहिले आणि साऱ्यांदेखत म्हणाले, "मी पुडी खात हुतो. लाजंपायी खोटं बोललो. ह्या लेकरानं वाचिवलं. आता तुमच्यात आनखी कोन खातंय, त्यानं हात वर करा. तपासून घेऊ, पुड्या फेकून देऊ."

सोसायटीत आजवरचा प्रत्येक ठराव हात वर करूनच झाला होता आणि एकमतानं झाला होता. आज एकही हात वर झाला नाही. सगळे आपापल्या वहाणांकडं बघत राहिले. मुंजाजीला तर एकदम बैलाच्या दाव्याची गाठ सैल वाटायला लागली.

बबनराव हताश होऊन खाली बसले.

शिवकन्या उठली. पत्र्याखालची दुधाची एक किटली तिनं सुलटी केली, फुंकर मारून धूळ उडवली. चार महिन्यांत तिच्यात थेंब पडला नव्हता. ती किटली तिनं वैरणीच्या गंजीमागं नेऊन ठेवली आणि परत येऊन माणसांपुढं उभी राहिली.

"सगळ्यांनी पाठ फिरवा," ती म्हणाली. "अन् एकेकानं गंजीमागं किटलीपाशी जावा."

अर्ध्या तासानं ती दुसरी किटली आणायला गेली.