उलटा हात

जुन्या तारा अजून किती वर्षं टिकतील हे तपासणाऱ्या लॅबमध्ये कुंदाने टेबलावरच्या तुकड्याला आधी उलटा हात लावला.

"ताई, कापलेली तार आहे ती," साहेब म्हणाले.

"सवय आहे, सर. आमचे हे लाईनमन होते ना. सांगायचे, सरळ हाताने धरलं आणि करंट असला, तर मूठ सुटत नाही."

साहेबांनी तुकड्याला बांधलेली चिठ्ठी वाचली. "तुमचा दिगंबर ज्या लाईनला चिकटून गेला, तिचाच तुकडा आहे हा. राहू द्या, मी करतो."

"नको."

तिने तारेचा एकेक पदर सुटा करून सळईभोवती गुंडाळला. एकही तुटला नाही.

"लिहा, सर. अजून पंधरा वर्षं जाईल."

साहेब लिहायला वळले, तेव्हा तिने तो तुकडा मुठीत गच्च आवळला.

मूठ सहज सुटली.