उजवीकडची सावली

अक्षरांना सावली द्यायची ती उजवीकडे, खालच्या अंगाला. वीस वर्षं दिवाळे कोळीवाड्यातल्या होड्यांवर नावं रंगवतोय, यात एकदाही चुकलो नाही. म्हणून सखूमावशीचा फोन आला तेव्हा डोकंच सणकलं.

"प्रीतम, माज्या होडीच्या नावाला सावली डावीकडं कशी काढलीस? उद्या नारली पुनव हाय!"

जेट्टीवर जाऊन पाहिलं. 'दर्यासखी'च्या पिवळ्या अक्षरांची काळी सावली खरंच डावीकडे होती.

"माझ्या कामावर ब्रश फिरवायची हिंमत कोणाची झाली?" मी ओरडलो.

"कोन फिरवील? सकालपासून मीच बसलेय हितं, जालं शिवत."

दात-ओठ खात मी ती सावली होडीच्याच निळ्या रंगाखाली बुजवली आणि उजवीकडे नवी काढली. डब्याचं झाकण लावून मान वर केली, तर सावली पुन्हा डावीकडे. हात लावून पाहिला. रंग खडखडीत वाळलेला. माझ्या ब्रशमधून मात्र अजून काळा रंग गळत होता.

मग माझं टाळकंच फिरलं. पत्र्याचा तुकडा घेऊन मी ती सावली खरवडली, खालची फळी दिसेपर्यंत.

"घे!" मी त्या अक्षरांवरच खेकसलो. "आता फिर कुठं फिरायचं ते!"

ऊन कललं होतं. चिखलावर होडीची सावली लांब पडली होती, जाळ्याची पडली होती, मावशीचीही. ती माझ्या पायांकडे बघत होती.

"प्रीतम," ती हळूच म्हणाली, "तुजी कुटं हाय रं?"