माग चालू असताना

माग धडधडू लागले आणि वैजयंतीच्या लक्षात आलं, की मिताली शेजारी नाही.

नदीच्या पाण्यावर चालणारी ती जुनी कापडगिरणी आता संग्रहालय झाली होती. पाहुण्यांना माग चालताना दिसावेत म्हणून मार्गदर्शक बागवानांनी नुकतंच खालच्या मोठ्या चाकावर पाणी सोडणारं दार उघडलं होतं. माग फिरवणाऱ्या पट्ट्यांमध्ये आपली सहा वर्षांची पोर शिरली असेल, या विचाराने वैजयंती मिताली हरवल्याचं ओरडत बागवानांकडे धावली. लोक मितालीला हाका मारू लागले.

"हाका मारून उपयोग नाही, तिला ऐकू येत नाही," वैजयंतीने बागवानांचा हात घट्ट धरला. "आधी हे बंद करा."

"पाणी तोडतो, ताई. पण चाक लगेच थांबत नाही." बागवान धावतच जिना उतरले.

अखेर माग मंदावत थांबले. वैजयंतीने लाकडी जमिनीवर जोरात पाय आपटला. घरी ती लेकीला अशीच बोलावायची; जमिनीचा हादरा तिला कळायचा. पण त्या भल्यामोठ्या माडीवर तिच्या एकटीचा पाय कुठवर पोचणार? ती रडत रडत आपटतच राहिली. शेजारी उभ्या असलेल्या एका म्हातारबाईंनी पाय आपटला, मग सगळ्यांनीच.

कोपऱ्यातल्या नादुरुस्त मागाखालून मिताली रांगत बाहेर आली. केसांत धूळ, आणि जमिनीला टेकवलेल्या गालावर फळीचा वळ. तिने रुसून हातांनी विचारलं, "का थांबवलं? जमीन थरथरत होती, ते मला आवडत होतं."

खुणांनी उत्तर देण्याआधी वैजयंतीने तिला उचलून घट्ट कवटाळलं.